सत्तर सेकंदांपूर्वीचं पाणी

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती आणि बॉयलरच्या मशीनमध्ये नऊ वाजून दहा. आठ वाजता मीच ते घड्याळ बरोबर लावलं होतं. गेले दहा दिवस माझं सकाळचं पहिलं काम हेच. आल्या आल्या सर्व्हरच्या खोलीचं दार लावायचं, कोणी येत नाही ना याचा कानोसा घ्यायचा आणि मागं पडलेलं घड्याळ पुढं सरकवायचं. मग दार उघडून चहा मागवायचा, जणू काही झालंच नाही.

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला नवल वाटायला नको. पाल दिसली तर मी खोली बदलतो. गच्चीवर वाळवण घालायला बायकोच जाते, कारण कठड्याजवळ गेलं की माझे पाय लटपटतात. माजलगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात मला चोवीस वर्षं झाली. टायपिस्ट म्हणून लागलो होतो, पुस्तकं वाचून आणि फोनवर तंत्रज्ञांच्या शिव्या खाऊन सर्व्हर सांभाळायला शिकलो. कारखान्याचं नाव मात्र सांगणार नाही. माझी नोकरी अजून तिथंच आहे.

नऊ-पंधराला सुनिताचा फोन आला. सुनिता माझी धाकटी बहीण. तिचा नवरा रामकिसन आमच्याच कारखान्यात बॉयलर सांभाळतो. अठ्ठावीस वर्षं झाली त्यांना. माझे दाजी.

"भाऊ, ह्यांना कायी नवं काम दिलंय का?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. कावून?"

"आठ-दहा दिस झालं, घरी आले की गुडघ्याला तेल चोळत बसत्यात. काल हात बघितला तर तळव्याला चटके. विचारलं तर म्हणत्यात, तुज्या भाकरीचे हायत. मला हसायला येत न्हाई, भाऊ. तू जरा बघ की."

बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. आठ-दहा दिवस म्हणजे मी घड्याळ लावत होतो तेवढेच.

आता हे मशीनचं प्रकरण थोडं सांगायला हवं. आमच्या खोलीत सर्व्हर म्हणून लोखंडाची एकच पेटी आहे. तिच्यात दोन प्रोसेसर, एकेकाला बारा कोअर, म्हणजे काम करणारे चोवीस हात धरा. मेमरी एकशे अठ्ठावीस जीबी, निम्मी एका प्रोसेसरच्या शेजारी, निम्मी दुसऱ्याच्या. या एका पेटीत आम्ही पाच मशीनं वसवली आहेत. खरी नव्हेत, मानलेली. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. वजनकाट्याचं एक, शेतकी खात्याचं एक, प्रयोगशाळेचं एक, बॉयलरचं एक आणि पाचवं अमरसिंहदादांचं. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच राहतो. कोणाला किती हात आणि किती मेमरी द्यायची, हे ठरवणारा मी.

बॉयलरचं मशीन दिसायला सगळ्यांत बारकं. त्याचं काम एवढंच की बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती, वाफेचा दाब किती, हे मोजमाप घ्यायचं आणि खाली पडद्यावर दाखवायचं. पाणी उतरलं तर भोंगा वाजवायचा. जुना भोंगा उगाच वाजतो म्हणून गेल्या वर्षी काढून टाकला, आता जे काही आहे ते याच मशीनवर. आणि बॉयलरमध्ये दोन मिनिटं पाणी कमी पडलं तर नळ्या कोरड्या तापतात. तापलेली नळी फुटली की वाफ बाहेर येते, आणि समोर कोण उभा आहे ते वाफ बघत नाही.

मशीनला वेळेवर हात मिळाला नाही की त्याचं घड्याळ मागं पडतं. पण घड्याळ हे नुसतं लक्षण. खरा रोग मी पाचव्या दिवशी मोजला होता. मीटरनं आकडा पाठवल्याची वेळ आणि तो पडद्यावर उमटल्याची वेळ ताडून बघितली. मधे सत्तर सेकंद जात होते. खाली पडद्यासमोर बसलेला माणूस सत्तर सेकंदांपूर्वीचं पाणी बघत होता. हे मला पाच दिवस माहीत होतं, आणि मी घड्याळ लावत बसलो होतो.

बॉयलर हाऊसमध्ये गेलो तेव्हा पडद्यासमोर दाजी नव्हते. स्टूल रिकामं. पंप बघणारा सोमेश्वर मान वर करून उभा होता. मीही वर बघितलं. तीन मजले उंचीवर, ड्रमच्या शेजारच्या लोखंडी जाळीवर दाजी होते. डोक्याला ओला पंचा, एक हात कठड्यावर, तोंड पाण्याच्या काचेकडं. ही काच म्हणजे ड्रमलाच जोडलेली उभी नळी, तिच्यात खरं पाणी दिसतं. पडदा आल्यापासून तिथं महिन्यातून एकदा काच पुसायला जायचं, तेवढंच. आवाज इतका की हाक मारून उपयोग नसतो, म्हणून हातानं खुणा करतात. मूठ म्हणजे पाणी निम्मं, ठीक. पंजा वर म्हणजे चढतंय. पंजा खाली म्हणजे उतरतंय. दाजींनी मूठ दाखवली, सोमेश्वरनं मान डोलावली.

मला बघून दाजी उतरले. एकेक पायरी, उजवा गुडघा न वाकवता. मला दंडाला धरून बाहेर बगॅसच्या, म्हणजे रस काढलेल्या चिपाडांच्या ढिगामागं नेलं.

"दाजी, वर कावून गेलते?"

"हवा खायला."

"दाजी."

"तुजा पडदा शिळं दावतोय," ते तोंड पुसत म्हणाले. "मागल्या बुधवारच्या आदी मी काच पुसायला गेलतो. काचंत पाणी उतरलेलं. खाली येऊन बघतो तर पडद्यावर निम्मं. मंग मिंटभरानं पडद्यावरबी उतरलं. तवा कळलं."

"अन मला सांगितलं न्हाई?"

"तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी चपलेनं चिपाडं उकरायला लागलो.

"म्हाईत असणारच," दाजी म्हणाले. "तू कायतरी करत असशील म्हणलं. दुरुस्त व्हईस्तोर आपण वर उभं ऱ्हावं. साहेबाला सांगितलं असतं तर पयलं तुलाच हाकललं असतं. मंग सुनितानं मला घरात घेतलं असतं का?"

ते हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. मी काहीतरी करत असेन अशा भरवशावर हा माणूस दहा दिवस पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तीन मजले चढत होता, तापलेला कठडा धरून. नळी फुटली असती तर सगळ्यांत जवळ तोच होता.

"आज करतो, दाजी," मी म्हणालो.

"कर की. घाई न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले.

काय करायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. रोग दादांच्या मशीनमध्ये होता.

अमरसिंहदादा म्हणजे आमचे चेअरमन मोहनराव यांचे चिरंजीव, कारखान्याचा सगळा कारभार तेच बघतात. माणूस वाईट नाही. कुणाला अरे-तुरे करत नाहीत. गव्हाणीत मोळी टाकून गळीत सुरू करायचं त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं होतं. मीटिंग हॉलमध्ये भिंतभर पडदा लावायचा होता, कारखान्याचा सगळा हिशेब-आलेख एका जागी दिसेल असा. त्यासाठी नवं मशीन हवं होतं.

"शेतकीच्या मशीनला किती प्रोसेसर दिलेत?" त्यांनी विचारलं.

"चार, दादा."

"काट्याला?"

"चार."

"मंग आमाला?"

"चार पुरतील, दादा."

ते हसले. "शहादेवराव, आमी शेतकीवाल्याच्या पंगतीला बसायचं व्हय? पेटीत एकूण किती हायत?"

तिथं मी सांगायला हवं होतं की दादा, हा मानपानाचा विषय नाही. पण मी विचारलं तेवढंच सांगितलं. "चोवीस," मी म्हणालो.

"मंग चोवीस द्या."

मी दिले. आणि खरी गोष्ट पुढंच आहे. मेमरीचं त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. मीच आपणहून शहाण्णव जीबी त्यांच्या नावावर राखून ठेवली, त्यांच्यासमोर पडदा अडखळला तर आपली खैर नाही म्हणून. राखीव म्हणजे त्यांचं मशीन वापरो न वापरो, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. उरलेल्या चिमूटभर मेमरीत बाकीची चार मशीनं दाटीवाटीनं बसली. जागा पुरेना तेव्हा सर्व्हर बॉयलरच्या मशीनचं सामान उचलून डिस्कवर ठेवायला लागला, आणि डिस्कवरून परत आणायला वेळ लागतोच.

चोवीस हातांचं तर आणखीच वाईट. लग्नात एखादा चोवीस जणांचा गोतावळा येतो आणि म्हणतो, आम्ही सगळे एकदमच बसणार. पंगतीला जागाच चोवीस. मग बसलेले उठेपर्यंत ते ताटकळतात, आणि ते बसले की हात धुऊन दारात उभा असलेला एकटा माणूस उपाशी राहतो. बॉयलरचं मशीन तो एकटा माणूस होतं. गंमत अशी की याच कारणानं दादांचं मशीनही रखडायचं. चोवीसऐवजी सहा दिले असते तर ते पळालं असतं. पण कमी केल्यावर जास्त चालतं, हे कोणाला सांगणार आणि कसं?

तरी साडेदहाला गेलो. जीव मुठीत धरून केबिनचं दार लोटलं.

"या शहादेवराव. बसा."

मी उभाच राहिलो. "दादा, ते तुमचं मशीन... जरा कमी केलं तर चांगलं चालेल."

"कमी केल्यावर चांगलं?" ते माझ्याकडं बघून हसले. "आज पुण्याहून पाहुणे येतेत. अकराला. आजचा दिस कशालाच हात लावू नका. उद्या निवांत बसू."

"पण दादा, बॉयलरचं..."

"बॉयलरचं काय?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. डोळे माझ्यावर. पेन खाली ठेवण्यात काही धमकी नव्हती, माणूस लक्ष देऊन ऐकत होता. आणि मी म्हणालो, "काही न्हाई, दादा."

त्या 'काही न्हाई'ची मला आजही लाज वाटते. दहा दिवसांची जेवढी वाटत नाही, तेवढी त्या दोन शब्दांची वाटते. दारातून बाहेर पडताना मी त्यांना नमस्कारसुद्धा केला.

अकराला पाहुणे आले. मीटिंग हॉलमध्ये भिंतभर पडदा उजळला आणि दादांनी एकेक आलेख उघडायला सुरुवात केली, हे मला माझ्या खोलीत बसून कळत होतं, कारण बॉयलरचा उशीर वाढत चालला. सत्तर सेकंदांचे नव्वद झाले. मग एकशे दहा. मग एकशे तीस. दोन मिनिटांच्या वर. बोटं कीबोर्डवर होती आणि ती माझी वाटत नव्हती.

मी बॉयलर हाऊसला फोन लावला. सोमेश्वरनं उचलला. एरवी शांत माणूस, पण आवाज चिरकला होता.

"शहादेवभाऊ, तुमचे दाजी वरून पंजा खाली दावतेत. अन पडदा म्हणतोय पाणी चढतंय. इंजिनियर साहेब पाहुण्यांसंगं हायत. मी पंप वाढवू का कमी करू? कुणाचं ऐकू?"

"दाजींचं ऐक."

"पण पडदा..."

"पडद्याकडं बघू नको. पडदा खोटा हाय. दाजींचं ऐक. पंप वाढव."

पडदा खोटा आहे. दहा दिवसांत हे मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो. फोन खाली ठेवला आणि दादांचं मशीन बंद करायची आज्ञा दिली. तुमची खात्री आहे का, असं सर्व्हरनं विचारलं. मला कशाचीच खात्री नव्हती, पण मी 'हो' दाबलं.

हॉलमधला पडदा त्या क्षणी काळा झाला असणार. दादा पाहुण्यांसमोर, हातात लेझरचा ठिपका, आणि भिंत काळी. टेबलावरचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. चोवीसचे सहा केले. शहाण्णवचे सोळा केले आणि राखीवपणा काढून टाकला. फोन बंद होऊन पुन्हा वाजला. बॉयलरच्या मशीनला दोन कोअर स्वतःचे दिले, दुसऱ्या कोणाला तिथं फिरकू द्यायचं नाही असे. त्याची मेमरीही त्याच प्रोसेसरच्या शेजारी लावून दिली, म्हणजे पलीकडच्या प्रोसेसरच्या दारात मागायला जायला नको. ती तेवढी राखीव ठेवली. फोन तिसऱ्यांदा वाजला. दादांचं मशीन सुरू केलं. सगळं मिळून चार मिनिटं. आयुष्यात एवढी लांब चार मिनिटं मी पाहिली नाहीत. पोरीच्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याबाहेर बसलो होतो, तेव्हासुद्धा नाही.

मग उशीर मोजला. एक सेकंद. पुन्हा मोजला. एक सेकंद. घड्याळ लावलं आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसून राहिलो. ते भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चाललं. बॉयलर हाऊसला फोन केला, सोमेश्वर म्हणाला पाणी निम्म्यावर आलंय, काचेतबी अन पडद्यावरबी.

एक वाजता दादा स्वतः आले. आमच्या खोलीत ते कधी येत नाहीत. मी उठून उभा राहिलो, खुर्ची मागं पडली.

"मधेच बंद पडलं कावून?"

"बंद पडलं न्हाई, दादा. मी बंद केलं."

त्यांनी सर्व्हरच्या पेटीकडं पाहिलं. "पण नंतर लई पळालं. पाहुणे म्हणले, असं आमच्याकडंबी न्हाई. काय केलं, वाढवलं का?"

हो म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पाठीवर थाप मिळाली असती. शब्द ओठांवर आलाही होता. पण वरच्या जाळीवर ओला पंचा बांधून उभे असलेले दाजी डोळ्यांपुढून हलेनात.

"न्हाई दादा. कमी केलं. चोवीसचं सहा केलं."

मग सगळं सांगितलं. चोवीसचं, शहाण्णवचं, बॉयलरचं, सत्तर सेकंदांचं, दाजी वर उभे राहतात त्याचं. टेबल धरून बोललो. दादांचा चेहरा उतरत गेला. तेही घाबरले होते, मला स्पष्ट दिसलं.

"किती दिस झालं?"

"दहा."

"अन तुमाला ठाव होतं."

"होतं."

ते खिडकीकडं गेले. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

"चोवीस मी मागितले," ते तिथूनच म्हणाले. "ते माज्याकडं. मी अडाणी, मला वाटलं जास्ती म्हणजे चांगलं. पण तुमाला कळत होतं, शहादेवराव. तुमी दहा दिस घड्याळ लावत बसलात. आज मी विचारलं बॉयलरचं काय, तर तुमी म्हणलात काही न्हाई."

मी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"उद्यापासून काट्यावर बसा. या खोलीची चावी द्या."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी चावी काढून दिली. अन्याय झाला असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त इतकी वर्षं खिशात त्या जागी काहीतरी टोचायचं, ते टोचेनासं झालं आणि हात सारखा खिशाकडं जायला लागला.

तिथून सरळ बॉयलर हाऊसला गेलो. दाजी नुकतेच खाली उतरून पंचा पिळत होते.

"दाजी, झालं. आता पडदा बरोबर हाय. एका सेकंदाच्या वर फरक न्हाई."

"हाय ना बरोबर? बरं झालं," ते म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, पंचा पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि शिडीकडं निघाले.

"दाजी, आता कावून?"

"सवय झाली रे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्याकडं बघून नेहमीसारखंच हसले. पण ते वर निघाले होते. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, आणि त्यानं माझ्या पडद्यावरून नजर काढून घेतली होती ती माझ्या सांगण्यानं परत येणार नव्हती. बोलून विश्वास परत मिळवायचा माझा हक्क मी दहा दिवसांत घालवला होता. चावी दिली तेव्हा नाही, आत्ता मला कळलं आपण काय गमावलंय.

"बसा तुमी," मी म्हणालो. "मी जातो वर."

"तुला चक्कर येती. येडा हायस का?"

"बसा, दाजी."

त्यांच्या डोक्यावरचा पंचा मी काढून घेतला आणि शिडी धरली. पहिल्या मजल्यापर्यंत डोळे मिटूनच चढलो. दुसऱ्या मजल्यावर जाळीतून खालची जमीन दिसली आणि मी थांबलो, दोन्ही हातांनी दांडी कवटाळून. दांडी पोळत होती, तरी सोडवेना. आई, आई असं पुटपुटत राहिलो. आवाजात ते कोणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मोठ्यानंच म्हणालो. मग एक पाय, मग दुसरा.

वर पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. ड्रमची धग तोंडावर आली. काच समोर होती, काचेत पाणी, मधोमध, किंचित थरथरणारं. एवढ्या वर्षांत ज्याचे आकडे मी हाताळले ते पाणी मी पहिल्यांदा बघत होतो.

खाली बघायचं म्हणजे दिव्यच होतं. बघितलं. दाजी मान वर करून उभे होते, तळहाताची सावली डोळ्यांवर धरून. एक हात कठड्याला तसाच ठेवून मी दुसरा पुढं केला आणि मूठ दाखवली.

त्यांनी पडद्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. पुन्हा पडद्याकडं. मग पायानं स्टूल पुढं ओढलं आणि दुखरा पाय लांब करून पडद्यासमोर बसले.

माझी पाळी नव्हती, माझं ते कामही नव्हतं. चार वाजेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. दर पंधरा मिनिटांनी दाजी वर बघत आणि मी त्यांना काचेतलं पाणी सांगत होतो.